भिंतीवरचा मॅराडोना आणि शंभरांतली एक प्रत : घ्यावी का?

बार्देशी
सर्व सभासदांना नमस्कार. एका युरोपीय भित्तिचित्रकाराने काढलेल्या, मॅराडोना या अर्जेंटिनाच्या फुटबॉलपटूच्या व्यक्तिचित्राची मर्यादित आवृत्तीतील प्रत विक्रीस आहे. ती घ्यावी की नाही यावर आमच्या घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. विक्रेत्याने दिलेली माहिती अशी : स्क्रीन प्रिंट, चार रंग, सुती कागद, एकूण १०० प्रती, प्रत्येक प्रतीवर शिसपेन्सिलीने क्रमांक आणि चित्रकाराची सही, सोबत प्रमाणपत्र. मूळ चित्र स्टेन्सिल (कापून केलेला साचा) आणि स्प्रे वापरून एका इमारतीच्या भिंतीवर काढलेले आहे. त्यात चेंडू नाही, मैदान नाही. निळ्या-पांढऱ्या रंगांतला नुसता चेहरा आणि वर पाहणारे डोळे आहेत. वाहतूक धरून किंमत एका चांगल्या फ्रीजच्या घरात जाते.

आमचे वडील १९८६ सालची विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनवर पाहिलेल्या पिढीचे. मेक्सिकोत भरदुपारी सुरू होणारे सामने आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास दिसत, त्यामुळे अर्धा वाडा जागा असे, असे ते अजूनही सांगतात. त्यांच्यासाठी घ्यावे असे मला वाटते. धाकट्या भावाचे म्हणणे असे की एवढ्या पैशांत पोस्टर घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणजे नेमके काय, ती मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहणारे कोणी असते का, आणि आपल्या पावसाळ्यात असा कागद टिकतो का, हे जाणकारांनी सांगावे.

पेडणेकर
सही ‘हाताने केलेली’ आहे असे विक्रेत्याने लिहिले असेल, तर मॅराडोनाच्या बाबतीत हा दावा नीट तपासून घ्यावा. २२ जून १९८६ रोजी त्याने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तेव्हा पंचांनाही हात दिसला नव्हता.

जाळीवाला
म्हापशात अनेक वर्षे स्क्रीन प्रिंटिंगचे काम केले आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे आणि आंतरग्राम फुटबॉल स्पर्धांच्या जर्सींवरचे क्रमांक हा आमचा मुख्य धंदा. कलाकृती म्हणावे असे काम क्वचितच आले. तरी कृती तीच असल्याने लिहितो.

लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाळी ताणून बसवतात, तिच्यावर इमल्शन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा लेप, लावतात, चित्राची फिल्म ठेवून प्रकाश देतात आणि मग पाण्याने धुतात. जिथे प्रकाश पोहोचला नाही तिथली जाळी मोकळी होते आणि त्यातूनच शाई खाली उतरते. एका रंगाला एक जाळी, म्हणजे चार रंगांना चार जाळ्या आणि प्रत्येक कागद चार वेळा टेबलावर. प्रत्येक वेळी कागद त्याच कोपऱ्याला टेकवून रजिस्टर, म्हणजे रंगांची नेमकी जागा, जुळवावे लागते. ते केसभर हलले की डोळ्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि ती प्रत बाद होते. १०० चांगल्या प्रती हव्या असतील तर कागद जास्तच घ्यावे लागतात.

खरे स्क्रीन प्रिंट ओळखण्यासाठी भिंग घ्यावे. रंगाचा भाग सपाट आणि सलग दिसला, कडेला जाळीचे बारीक दाते दिसले, आणि प्रकाश तिरपा धरल्यावर शाईचा थर कागदावर किंचित उचललेला वाटला, तर ते हाताचे काम समजावे. सगळीकडे बारीक तुषारासारखे ठिपके दिसले तर ते इंकजेट होय, मग त्याला ‘जिकले’ असे भारदस्त नाव का दिलेले असेना. ठिपक्यांची फुलासारखी रचना दिसली तर ऑफसेट, म्हणजे साधे पोस्टर. इंकजेट वाईट असते असे मी म्हणत नाही. चांगल्या रंगद्रव्याच्या शाईने सुती कागदावर काढलेली प्रत पुष्कळ टिकते. मात्र स्क्रीन प्रिंटचे पैसे घेऊन इंकजेट देऊ नये.

कुळागर
मला मूळ कल्पनेतच खोट दिसते. भिंतीवर चित्र काढणारा माणूस असे म्हणत असतो की कला सर्वांची आहे, तिकीट नको, दालन नको, जाता-येता पाहा. तोच माणूस नंतर त्याच चेहऱ्याच्या १०० प्रती काढतो आणि एकशे एकावी मिळणार नाही असे सांगतो. टंचाई तो स्वतःच निर्माण करतो आणि तिचेच पैसे घेतो. बार्देशीबाब, वडिलांना आनंदच द्यायचा असेल तर त्या भिंतीचा चांगला फोटो मोठा करून आणा आणि फ्रेम करा. फ्रीजचे पैसे वाचतील.

दुसरे असे की मॅराडोनाच का? २०२१ च्या डिसेंबरात कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला, तेव्हा लोकांनी काळे बावटे दाखवून हाच प्रश्न विचारला होता. गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा, आणि आमचा ब्रह्मानंद शंखवाळकर मात्र कुठेच नाही. भारताचे कर्णधारपद भूषवलेला आणि पद्मश्री मिळालेला हा गोलरक्षक ताळगावचा आहे.

सासष्टीकर
कुळागर यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत आहे, आणि त्यात एका क्रिकेटपटूची भर घालतो. दिलीप सरदेसाई मडगावचे. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी ६४२ धावा केल्या. किंग्स्टनला २१२, पोर्ट ऑफ स्पेनला ११२ आणि ब्रिजटाउनला १५०. पहिल्या कसोटीत निम्मा संघ स्वस्तात परतल्यावर एकनाथ सोलकरांना साथीला घेऊन त्यांनी डाव उभारला. त्या चेहऱ्याचे स्टेन्सिल मडगावच्या एखाद्या भिंतीवर उमटले आणि त्याच्या ७१ प्रती निघाल्या, तर मी पहिल्या दिवशी रांगेत असेन. स्थानिक चित्रकाराला असे काम सांगता येणार नाही का?

आल्तिनो
सासष्टीकर यांचा विचार मनापासून आवडला, पण आधी कुळागर यांच्या पहिल्या आक्षेपाविषयी लिहितो.

कला महाविद्यालयात शिकवत असताना विद्यार्थी हाच प्रश्न विचारत. छापील चित्राची मर्यादा ही फार पूर्वी तंत्रातूनच आली असे मी त्यांना सांगे. तांब्याच्या पत्र्यावरची कोरीव रेघ दाबाखाली झिजते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रती ठसठशीत येतात आणि पुढच्या फिक्या पडत जातात. म्हणून क्रमांकाला अर्थ होता. स्क्रीन प्रिंटची जाळी त्या मानाने कितीतरी अधिक प्रती देऊ शकते आणि संगणकातली फाइल तर कधीच झिजत नाही. म्हणजे आज १०० हा आकडा तांत्रिक नाही, तो चित्रकाराने ग्राहकाला दिलेला शब्द आहे. शब्दाला किंमत असते, पण तो कोणत्या गोष्टीबद्दल दिला आहे हे बारकाईने वाचावे लागते.

बँक्सी या इंग्लिश भित्तिचित्रकाराचे उदाहरण घ्या. फुगा सुटलेल्या मुलीचे त्याचे प्रसिद्ध चित्र छापील स्वरूपात सहीच्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रतींत निघाले. दोन्ही आवृत्त्या अस्सल आहेत, पण त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘मर्यादित’ हे विशेषण दोन्हींना लागू पडते. शिवाय प्रत्येक आवृत्तीबाहेर काही ‘आर्टिस्ट्स प्रूफ’, म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती, असतात. त्या साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असाव्यात असा संकेत आहे, कायदा नाही. काही छापखान्याकडे राहतात. शिवाय तेच चित्र दुसऱ्या रंगात, दुसऱ्या आकारात किंवा वर हाताने स्प्रे मारून ‘नवी आवृत्ती’ म्हणून येऊ शकते. ही फसवणूक नसते. मात्र आपण १०० पैकी एक घेतली असे समजत असतो आणि बाजारात तोच चेहरा दोनशे-तीनशे भिंतींवर असतो.

खेळाडूंची व्यक्तिचित्रे छापून विकण्याची वाटही नवी नाही. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९७७ मध्ये एका संग्राहकाच्या सांगण्यावरून पेले, महंमद अली, करीम अब्दुल जब्बार अशा दहा खेळाडूंची चित्रे केली. त्यासाठी त्याने स्वतः पोलरॉइड कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले. पुढच्या वर्षी अलीच्या चार स्क्रीन प्रिंटचा संच १५० च्या आवृत्तीत निघाला. त्या मालिकेतला पेले हातातल्या चेंडूला गाल लावून बसला आहे. तो खेळताना दिसतच नाही. बार्देशी यांनी वर्णिलेला बिनचेंडूचा चेहरा त्याच वाटेवरचा वाटतो.

डावा विंगर
घरच्यांना एवढेच सांगा की फ्रीज दहा-बारा वर्षांत भंगारात जातो.

बार्देशी
भावाला हे वाचून दाखवले. त्याचे उत्तर : “फ्रीजमध्ये मासे राहतात.”

परदेशस्थ
काही काळ कामानिमित्त इटलीत राहतो आहे, त्यामुळे नापोलीतले दोन प्रसिद्ध मॅराडोना प्रत्यक्ष पाहता आले. क्वार्तिएरी स्पान्योली या अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत १९९० मध्ये, मॅराडोनाचा नापोली क्लब दुसऱ्यांदा लीग विजेता झाला तेव्हा, मारिओ फिलार्दी या स्थानिक तरुणाने एका इमारतीच्या बाजूवर कित्येक मजले उंच मॅराडोना रंगवला. नंतर त्या इमारतीतल्या कोणीतरी बरोबर चेहऱ्याच्या जागी खिडकी पाडली. अनेक वर्षे तो मॅराडोना चेहऱ्याशिवाय उभा होता. २०१६ मध्ये वस्तीतल्याच एका कारागिराने चित्राला पुन्हा रंग दिला, आणि २०१७ मध्ये अर्जेंटिनाचा चित्रकार बोसोलेत्ती याने चेहरा नव्याने रंगवला. चेहरा आता खिडकीच्या झडपेवर आहे. झडप मिटलेली असली तरच मॅराडोना पूर्ण दिसतो. घरच्यांनी हवा खायला ती उघडली की खाली जमलेल्यांना थांबावे लागते.

दुसरा चेहरा शहराच्या पूर्वेला सान जोव्हान्नी आ तेदुच्चोमध्ये, जोरित या चित्रकाराने २०१७ मध्ये रंगवलेला. त्याच्या सगळ्या चेहऱ्यांच्या गालांवर दोन तांबडे ओरखडे असतात, तसे इथेही आहेत. पांढरी दाढी असलेला, थकलेला, पन्नाशी उलटलेला माणूस आहे तो. विजयाच्या क्षणाचा मॅराडोना सगळेच काढतात, हा मात्र हरून झालेला आहे.

कुळागर यांना सांगायचे ते हे की भिंतीवरचे चित्र आणि कागदावरची प्रत या एकाच वस्तूच्या दोन किमती नाहीत. खिडकी, वाळत घातलेले कपडे, खालच्या दुकानाचा आवाज यांतले काहीही १०० प्रतींत उतरत नाही. कागदावर उतरते ती चित्रकाराची रेषा. ती आवडली असेल तर प्रत घ्यावी. भिंत आवडली असेल तर प्रवासाचे पैसे साठवावेत.

कुळागर
भिंतीसाठी विमानाचे तिकीट, म्हणजे फ्रीजसोबत एसीही गेला. पण मुद्दा मान्य आहे. टंचाईविषयीचे माझे मत मात्र तेच आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचवल्या. त्याने प्रतींवर क्रमांक घातले नाहीत. ज्याला आपला चेहरा लोकांच्या घरात जावासा वाटतो, तो मोजत बसत नाही.

आल्तिनो
रविवर्म्याच्या जुन्या ओलिओग्राफला (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील प्रतीला) आज चांगली किंमत येते, कारण बहुतेक प्रती ओलीने, वाळवीने आणि उदबत्तीच्या धुराने संपल्या. तीही टंचाईच आहे, फक्त ती छापणाऱ्याने ठरवली नव्हती. आणि ज्यांनी त्या देवघरात लावल्या त्यांनी किमतीचा विचार केला नव्हता, हे तुमच्या बाजूने मान्य करतो.

कलम बावन्न
पेशाने वकील आहे. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा. कुळागर यांनी भिंतीचा फोटो मोठा करून लावण्याचा सल्ला दिला आणि सासष्टीकर यांनी सरदेसाईंचे चित्र सुचवले. दोन्हींत कायद्याचा प्रश्न येतो.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक ठिकाणी कायम असलेल्या शिल्पाचे चित्र किंवा छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याची मुभा आहे. ती शिल्पांना आणि कारागिरीच्या वस्तूंना आहे. भिंतीवर रंगवलेले चित्र त्या शब्दरचनेत बसत नाही. स्वतःच्या दिवाणखान्यात एक फोटो लावला म्हणून कोणी दावा ठोकणार नाही, हे व्यवहारात खरे आहे. पण त्याच फोटोच्या प्रती काढून बाजारात विकणे हे चित्रकाराच्या हक्काचे उल्लंघन ठरेल. चित्र रस्त्यावर आहे म्हणून ते बेवारस होत नाही.

सरदेसाईंच्या बाबतीत अडचण चेहऱ्याची नाही, फोटोची आहे. चित्रकार बहुधा एखादा जुना वृत्तफोटो समोर ठेवूनच स्टेन्सिल कापेल. आपल्या कायद्याप्रमाणे छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे असतो, म्हणजे १९७१ मध्ये छापलेला फोटो २०३१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अमेरिकन चित्रकार शेपर्ड फेअरी याचे ओबामांचे ‘होप’ चित्र याच कारणाने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेबरोबरच्या खटल्यात सापडले आणि २०११ मध्ये तडजोड झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वॉरहॉलच्या प्रिन्स या गायकाच्या चित्राबाबतही मूळ छायाचित्रकर्तीच्या बाजूने निर्णय दिला. चेहऱ्याविषयी म्हणाल, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच खेळाडूंच्या डिजिटल कार्डांच्या एका प्रकरणात, कलेसाठी किंवा विडंबनासाठी प्रसिद्ध व्यक्तीची प्रतिमा वापरण्यास बऱ्यापैकी मोकळीक दिसेल अशी भूमिका घेतली. तरीही हयात खेळाडू असेल तर त्याची आणि नसेल तर कुटुंबाची संमती घेणे हाच सभ्य मार्ग आहे.

बार्देशी यांनी विक्रेत्याला हेही विचारावे की मॅराडोनाचा हा चेहरा कोणत्या फोटोवरून काढला आणि त्याची परवानगी होती का. घेणाऱ्यावर सहसा काही येत नाही, पण उद्या आवृत्ती मागे घ्यावी लागली तर प्रमाणपत्राचा उपयोग राहत नाही.

सासष्टीकर
२०३१ पर्यंत थांबायला मी तयार आहे, पण आमच्या ओळखीत एका घरी सरदेसाईंसोबत काढलेले खाजगी फोटो आहेत. त्यांच्यावरून, घरच्यांची परवानगी घेऊन काम करता येईल का?

कलम बावन्न
फोटो ज्याने काढला त्याचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क, ही गोष्ट तिथेही लागू आहे. पण निदान ती माणसे मडगावात सापडतील. दोन ओळींचे संमतिपत्र सहीसह घ्यावे.

आल्तिनो
सासष्टीकर, भित्तिव्यक्तिचित्रांची परंपरा गोव्यात अगदीच नवी राहिलेली नाही. २०१९ च्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने सॉलोमन सोझा याने पणजीच्या भिंतींवर गोमंतकीय मान्यवरांचे चेहरे स्प्रेने रंगवले. तो साळगावात जन्मलेले चित्रकार एफ. एन. सोझा यांचा नातू. त्याआधी जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात त्याने दुकानांच्या शटरांवर शेकडो चेहरे काढले होते. दुकाने बंद झाली की चित्रांचे दालन उघडते अशी ती रचना आहे. जानेवारी २०२० मध्ये त्यानेच लंडनला चेल्सी या फुटबॉल क्लबच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर भलेमोठे चित्र केले. त्यात यूलियस हिर्श आणि आर्पाद वाइस हे ऑशविट्झमध्ये मारले गेलेले ज्यू फुटबॉलपटू आहेत, आणि रॉन जोन्स हा ब्रिटिश युद्धकैदी आहे, जो त्या छळछावणीजवळच्या बंदिवासात गोलरक्षक म्हणून खेळला. खेळाडूचे व्यक्तिचित्र म्हणजे चषक उंचावलेला हात असे समजणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

कागदकिडा
मूळ प्रश्नाचा तिसरा भाग सगळे विसरले आहेत : पावसाळा. जुने दस्तऐवज सांभाळण्याचे काम करत असल्याने एवढे सांगू शकते. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी येते, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणून चिऱ्याच्या घरात पश्चिमेच्या किंवा बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये, आतली भिंत निवडावी. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा खेळते. काच कागदाला टेकता कामा नये. मधे आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. काच टेकली की दमट दिवसांत शाई तिला चिकटते, आणि स्क्रीन प्रिंटचा जाड थर तर निघताना कागदासह निघतो.

फ्रेमवाल्याकडे स्वतः उभे राहावे. माझ्या ओळखीच्या एकांचे चांगले चित्र एका दुकानाने हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने सपाट चिकटवून दिले, वर सांगितले की आता सुरकुती पडणार नाही. सुरकुती पडली नाही, पण विकत घेणाराही उरला नाही. प्रत फक्त वरच्या बाजूने, जपानी कागदाच्या बिजागरीवर आणि गव्हाच्या खळीने टांगावी. हार्डबोर्ड मागे नको, त्यातले आम्ल कागद पिवळा करते. कडा कापू देऊ नका. क्रमांक आणि सही तिथेच असतात. कसर लागू नये म्हणून मागची बाजू टेपने पूर्ण बंद करावी आणि चतुर्थीच्या साफसफाईत एकदा काढून पाहावी.

जाळीवाला
कडा कापण्याबाबत शंभर टक्के सहमत. समासातच छापखान्याचा उठावाचा शिक्काही असतो. तो बोटाने चाचपून पाहा.

बार्देशी
सर्वांचे आभार. विक्रेत्याला इथले प्रश्न एकत्र करून पाठवले आणि उत्तर आले. १०० प्रतींखेरीज १० आर्टिस्ट्स प्रूफ आहेत. याच चित्राची सोनेरी पार्श्वभूमीची ३० प्रतींची आवृत्ती आधीच विकली गेली आहे, जी त्यांच्या पानावर कुठेही नमूद नव्हती. काम संपल्यावर जाळ्या पुसून टाकल्याचे ते लेखी देतात. फोटोच्या परवानगीबद्दल मात्र “चित्रकाराने अनेक फोटोंवरून स्मरणाने काढले” एवढेच उत्तर आहे.

कलम बावन्न
“अनेक फोटोंवरून” हे उत्तर मी न्यायालयात फार वेळा ऐकले आहे.

कुळागर
म्हणजे १०० चे १४० झाले. सोनेरी मॅराडोना असताना निळा घेणारा दुसऱ्या फळीतला ग्राहक ठरतो.

आल्तिनो
तसे मला वाटत नाही. निळ्या-पांढऱ्यात अर्जेंटिना आहे, सोनेरीत फक्त सोने आहे. मात्र गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर घेऊ नका. पुनर्विक्रीचा बाजार मोजक्या नावांपुरताच असतो, आणि आपल्याकडून प्रत परत युरोपात विकायला पाठवण्याचा खर्चच नफा खाऊन टाकतो. वडिलांना तो चेहरा रोज पाहावासा वाटेल का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर धाग्यावर मिळणार नाही.

बार्देशी
वडिलांना चित्र मोबाइलवर दाखवले. बराच वेळ मोठे करून पाहिले आणि म्हणाले, “डोळे बरोबर आहेत, पण हा सामन्याआधीचा आहे, राष्ट्रगीताच्या वेळचा.” मागवतो आहे. भावाने अट घातली आहे की सासष्टीकरांचे सरदेसाई निघाले तर त्याचे पैसे मी द्यायचे.

कागदकिडा
आत्ता मागवत असाल तर नळीत गुंडाळून नको, सपाट पुठ्ठ्यांत पाठवायला सांगा. नळीतूनच आली तर ओल्या दिवशी उघडू नका आणि उलट बाजूने गुंडाळून सरळ करू नका. जाड शाईला तडा जातो.

जाळीवाला
आणि बिलावर ‘स्क्रीन प्रिंट, हाताने छापलेले, क्रमांकित’ असे स्पष्ट लिहून घ्या. सीमाशुल्काच्या वर्गवारीत मूळ छापचित्रे आणि यांत्रिक पद्धतीने छापलेली चित्रे वेगळी धरतात. फोटोवरून केलेल्या जाळीला ते कशात बसवतील हे अधिकाऱ्यावर आहे, पण नुसते ‘पोस्टर’ असे लिहिलेले बिल घेऊन वाद घालता येत नाही.

सासष्टीकर
सरदेसाईंच्या फोटोसाठी रविवारी त्या घरी जाणार आहे. जाळीवालेबाब, तुमच्याकडे चार रंगांचे काम होईल ना? व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.